वायरलेस माउसचा सेल वर्षभर कसा पुरायला लागला

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आज वायरलेस माउस घ्यायला गेलं की खोक्यावर बॅटरीचा आकडा ठळक छापलेला दिसतो. एका सेलवर बारा महिने, अठरा महिने, काहींवर तर तीन वर्षं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत याच रस्त्यावरून घरी आलेल्या बिनवायरच्या ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या, माउसला दर दोन-तीन महिन्यांनी नवे सेल लागायचे. मधल्या काळात पेन्सिल सेल जवळपास होता तसाच राहिला. बदलला तो माउस, आणि मुख्य म्हणजे तो झोपायला शिकला.

आधी हिशेब करून टाकू. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण २,५०० मिलीअँपिअर-तास वीज मावते, म्हणजे एक मिलीअँपिअरचा प्रवाह २,५०० तास पुरेल एवढी. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला की सरासरी ०.२८ मिलीअँपिअर येतात. काम, रात्री, रविवार, गणपतीची सुट्टी असं सगळं धरून एका सेलच्या माउसने एवढ्यातच भागवायचं. ऑप्टिकल माउसच्या तळाशी असतो तसा एक साधा लाल एलईडी सतत पेटता ठेवायला पाच मिलीअँपिअर धरले, तरी तेवढ्यानेच तो सेल तीन आठवड्यांत रिकामा होईल.

डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी कॅलिफोर्नियात १९६४ मध्ये पहिला माउस घडवला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्याला वायर होती आणि वीज तिच्यातून यायची. वायर काढायचे प्रयत्न १९८० च्या दशकात सुरू झाले. लॉजिटेक कंपनीचा १९८४ चा बिनवायरचा माउस इन्फ्रारेडवर चालायचा, टीव्हीच्या रिमोटसारखा. मध्ये काही आलं की संदेश तुटला. १९९१ च्या ‘माउसमन कॉर्डलेस’ने रेडिओलहरी वापरल्या आणि ती अडचण गेली. हे सगळे रबरी गोळीचे माउस होते. गोळीमुळे फिरणाऱ्या खाचांच्या चकत्या मोजायला थोडासा इन्फ्रारेड प्रकाश पुरायचा, त्यामुळे विजेची भूकही बेताची होती.

खरी पंचाईत झाली १९९९ मध्ये. मायक्रोसॉफ्टचा ‘इंटेलिमाउस एक्सप्लोरर’ आला. त्यात गोळी नव्हती, अ‍ॅजिलेंट कंपनीचा सेन्सर होता. हा सेन्सर म्हणजे एक चिमुकला कॅमेराच. तो टेबलाचे सेकंदाला १,५०० फोटो काढायचा आणि एकापाठोपाठच्या दोन फोटोंची तुलना करून माउस किती सरकला ते ठरवायचा. गोळीवरची मळी नखाने खरवडायचं काम संपलं, याचा आनंद तेव्हा संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला झाला असणार. पण फोटोला उजेड लागतो, आणि तुलनेला गणित. यूएसबीच्या वायरमधून शंभर मिलीअँपिअर सहज मिळत असल्यामुळे दोन्हींची चिंता नव्हती. तोच सेन्सर बिनवायरच्या माउसमध्ये बसवल्यावर मात्र सेल भराभर उतरू लागले. लॉजिटेकने २००२ च्या ‘एमएक्स ७००’ला चार्जिंगचा स्टँडच दिला, म्हणजे रात्री माउस त्यावर ठेवायचा. तो वीज वाचवण्याचा उपाय नव्हता, रोज भरत राहण्याचा होता.

वाचवण्याचा उपाय सेन्सरमध्ये सापडला. एलईडी सतत पेटता ठेवायची गरज नाही, फोटो काढतानाच्या क्षणापुरता लुकलुकला तरी चालतं. हात थांबला की फोटोही कमी करता येतात. माउस थोडा वेळ हलला नाही तर सेन्सर विश्रांतीच्या पहिल्या पायरीवर जातो आणि सेकंदाला शंभरेक वेळाच डोकावतो. आणखी काही वेळाने दहा वेळा. शेवटी सेकंदातून जेमतेम दोनदा. जुन्या माउसला हात लावल्यावर पॉइंटर किंचित उशिरा हलायचा, तो या गाढ झोपेतून उठत असायचा. लाल दिव्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड आला, तोही बचतीसाठीच: सिलिकॉनच्या सेन्सरला तो जास्त चांगला दिसतो आणि त्या एलईडीला व्होल्टेजही कमी लागतं.

दुसरी बचत रेडिओत झाली. सुरुवातीचे माउस २७ मेगाहर्ट्झवर बोलायचे. तिथे माहिती सावकाश जाते, म्हणून ट्रान्समीटर जास्त वेळ चालू ठेवावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झवर तेवढाच निरोप डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी पाठवून होतो. नॉर्वेच्या नॉर्डिक सेमिकंडक्टरची ‘एनआरएफ२४एल०१’ ही चिप पाठवताना अकरा-बारा मिलीअँपिअर घेते, पण पूर्ण बंद अवस्थेत एका मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी. म्हणजे पटकन बोलायचं आणि गप्प बसायचं. भारतात या पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणं परवान्याशिवाय वापरण्याची मुभा जानेवारी २००५ च्या नियमांनी मिळाली, आणि आपल्याकडच्या वाय-फायला, ब्लूटूथला नि या माउसना तीच वाट मोकळी झाली.

त्याच मोकळ्या वाटेवर आता गर्दी आहे, आणि ती मुंबईत जास्तच जाणवते. दादर-परळच्या एखाद्या इमारतीत वाय-फायची यादी उघडली तर शेजारपाजारची नावं संपता संपत नाहीत. माउसचा निरोप पोचला नाही की तो पुन्हा पाठवावा लागतो, आणि प्रत्येक खेप सेलमधून जाते. यूएसबी ३.० ची जोडणीदेखील याच पट्ट्यात गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ मध्ये तपशिलात मांडलं होतं. त्यामुळे रिसीव्हर, म्हणजे माउसचे निरोप ऐकणारा यूएसबीचा छोटा खडा, हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टात, किंवा टेबलाखालच्या संगणकाच्या लोखंडी डब्याच्या पाठीमागे खुपसू नये. छोट्या एक्स्टेंशन वायरने तो माउसच्या जवळ आणला तर पॉइंटर अडखळत नाही, आणि सेलही वाचतो.

टेबलाचाही संबंध आहे. गडद पृष्ठभागावरून प्रकाश कमी परततो, म्हणून सेन्सर एलईडी जास्त वेळ पेटवतो. फिकट रंगाचा, किंचित खरबरीत पॅड विजेच्या हिशेबात सर्वांत स्वस्तात पडतो. फोर्टातल्या जुन्या कचेऱ्यांत टेबलावर काच आणि काचेखाली सुट्ट्यांची यादी असते. तिथे साधा सेन्सर चाचपडत राहतो. काचेवर चालणारे ‘डार्कफील्ड’ माउस लॉजिटेकने २००९ मध्ये काढले, पण काचेवर एक पांढरा कागद ठेवला तरी भागतं.

मग माउसच्या तळाचं चालू-बंदचं बटण कशाला? टेबलावर रोज संध्याकाळी ते बंद केलं नाही तरी फारसं बिघडत नाही, माउस आपणहून झोपतो. ते लागतं प्रवासात. विरार लोकलमध्ये छातीशी धरलेल्या बॅगेत माउस सारखा दाबला जातो, अस्तर सेन्सरसमोर हलत राहतं. तो पुन्हा पुन्हा जागा होतो आणि बंद लॅपटॉपच्या रिसीव्हरला हाका मारत बसतो. रोज तासदीड तास असा गेला की खोक्यावरचे बारा महिने भरणं अवघड. हे बारा महिने कुणी खोटे छापलेले नसतात, फक्त ते मोजताना लोकल धरलेली नसते.

सेल कुठला घालावा, हाही याच हिशेबाचा भाग आहे. घड्याळ-रिमोटसाठी मिळणाऱ्या स्वस्त झिंक-कार्बन सेलमध्ये वीज कमी असते, आणि उतरलेला सेल आत तसाच राहिला तर पाझरून पट्ट्या गंजवतो. साधे रिचार्जेबल निकेल सेल तर इथे जवळजवळ निरुपयोगी होते. वर्षभर पुरणारा माउस महिन्याला दोनशेच्या आसपास मिलीअँपिअर-तास वापरतो. दोन हजारांचा जुना निकेल सेल नुसता पडून महिन्यात वीस टक्के, म्हणजे चारशे गमवायचा. माउसपेक्षा गळतीच दुप्पट. सान्यो कंपनीने २००५ मध्ये ‘एनेलूप’ हा रिचार्जेबल सेल आणला आणि एका वर्षानंतरही ८५ टक्के वीज टिकण्याचा दावा केला. तेव्हापासून असे कमी गळतीचे सेल माउससाठी खऱ्या अर्थाने परवडू लागले.

आता बरेच माउस आतच बसवलेली लिथियम बॅटरी घेऊन येतात. अ‍ॅपलच्या २०१५ च्या ‘मॅजिक माउस २’मध्ये पेन्सिल सेलची जागा तिने घेतली, आणि चार्जिंगचं तोंड तळाला गेल्यामुळे चार्ज होताना तो वापरताही येत नाही. अशी बॅटरी काही वर्षांनी थकते, आणि घरी बदलता येत नाही म्हणून धडधाकट माउस तिच्याबरोबर कचऱ्यात जातो. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी छोट्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, हे चांगलंच झालं. पण इतक्या मेहनतीने ०.२८ मिलीअँपिअरवर आणलेल्या यंत्राला चार्जिंगची केबल कशाला हवी, हे मला अजून पटलेलं नाही. ऑफिसच्या किंवा घरच्या साध्या कामासाठी मी तरी तळाला सेलचं झाकण असलेलाच माउस घ्यायला सांगेन.