रेडिओचं घोषवाक्य बदललं, गाणी बदलली. आता तुमच्या जाहिरातीचं काय?

सप्रेम नमस्कार.

आम्ही सोलापुरात रेडिओच्या जाहिराती बनवतो. गेल्या पंधरवड्यात इथल्या नवी पेठ, चाटी गल्ली आणि टिळक चौकातल्या आमच्या बऱ्याच ग्राहकांनी एकच प्रश्न विचारला, "आपली जाहिरात लागते ते केंद्र बंद पडलं का हो? आकडा तोच लावतोय, पण आवाज भलताच येतोय." केंद्र चालू आहे. फ्रिक्वेन्सी तीच, मालक तेच. बदललंय ते घोषवाक्य आणि गाण्यांची मिसळ. कालपर्यंत जुन्या हिंदी गाण्यांवर चालणारं हे केंद्र आता दिवसभर नवी गाणी लावतं, मधूनमधून मराठीही. तुमचे कष्टाचे पैसे तिथं लागलेले आहेत, म्हणून हे पत्रक शांतपणे वाचा आणि मगच काय ते ठरवा.

एका ओळीला एवढं महत्त्व कशाला?

खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र, तेही जसंच्या तसं लावायचं. गाणी सगळ्यांकडे त्याच कंपन्यांची. मग एक केंद्र दुसऱ्यापेक्षा वेगळं वाटावं कसं? गाण्यांची निवड, आरजेचं, म्हणजे निवेदकाचं, बोलणं आणि दर दोन-तीन गाण्यांनंतर कानावर पडणारं घोषवाक्य, एवढंच हातात उरतं. घोषवाक्य म्हणजे केंद्राने श्रोत्याला दिलेला शब्द असतो. शब्द बदलला की गाणी बदलावीच लागतात, नाहीतर लोक लगेच ओळखतात.

बिग एफएमचं उदाहरण बघा. 2006 साली ते 'सुनो सुनाओ, लाइफ बनाओ' म्हणत सुरू झालं. पुढे जुन्या गाण्यांकडे वळलं तेव्हा 'हिट थे, हिट रहेंगे' म्हणू लागलं. 2019 मध्ये 'धुन बदल के तो देखो' आलं. एकाच नावाच्या या तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीला ओ देणारा श्रोता वेगळा.

मिसळ बदलल्यावर माणसं कशी हलतात याचा सगळ्यात मोठा दाखला आकाशवाणीचाच आहे. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीत घराघरात पोचावं ही त्यांची तळमळ खरी होती, पण त्या पायी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. मग लोकांनी काय केलं? बटण फिरवलं आणि हिंदी चित्रपटगीतं लावणारं श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला ती गाणी परत आणावी लागली. त्याच विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या. आमच्यासारख्यांचा धंदा तिथूनच उभा राहिला.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे: तुम्ही रेडिओवर सेकंद विकत घेत नाही, त्या सेकंदाला कान लावून बसलेलं माणूस विकत घेता. गाणी बदलली की ते माणूस बदलतं.

दुपारची वेळ घ्या. विड्या वळता वळता, शिलाई मशीनवर बसता बसता जुनी गाणी ऐकणाऱ्या बायका ही या केंद्राची दुपार होती. साडी, भांडी, किराणा, सोनं, या सगळ्या जाहिराती त्यांच्यापर्यंत जात होत्या. नवी गाणी आल्यावर त्यातल्या काही जणी दुसरीकडे वळतील. त्यांच्या जागी रिक्षातला, गाडीतला, कॉलेजातला तरुण येईल. मोबाइलचं दुकान, क्लासेस, जिम, हॉटेल यांच्यासाठी ही चांगली बातमी आहे. साडीच्या दुकानाने मात्र आता वेळ तपासून घ्यावी.

केंद्राच्या आत काय चालतं तेही सांगतो. प्रत्येक तासाचं एक घड्याळ आखलेलं असतं, अगदी गोल काढून: कितव्या मिनिटाला कसलं गाणं, कुठे आरजे बोलणार, कुठे घोषवाक्य, कुठे जाहिरातींचा ब्रेक. नवं गाजणारं गाणं दिवसात पाच-सहा वेळा फिरतं, जुन्याची पाळी कधी आठवड्याने येते. मिसळ बदलली म्हणजे हे घड्याळ नव्याने आखलं गेलं. तुमचा स्पॉट, म्हणजे तुमची काही सेकंदांची जाहिरात, कागदावर त्याच वेळेला दिसेल, पण त्याच्या आधी आणि नंतर काय वाजतंय ते बदललेलं असेल.

याचा फटका आम्ही स्वतः पाहिला. एका पैठणीच्या दुकानाचा 20 सेकंदांचा स्पॉट आम्ही केला होता. सुरुवातीला चार सेकंद नुसती सनई, मग बाईचा सावकाश आवाज, शेवटी पत्ता. जुन्या गाण्याच्या मागोमाग तो इतका छान बसायचा, की गाणंच पुढे चाललंय असं वाटे. परवा तोच स्पॉट ढोल-ताशाच्या दणक्यावर संपणाऱ्या गाण्यानंतर लागला. सनई ऐकूच आली नाही. गाडीत बसून आम्ही ऐकत होतो. पहिले चार सेकंद गेलेच, आणि पुढचं वाक्य कानावर येईपर्यंत शेजारच्याने स्टेशन बदललं होतं. त्या स्पॉटचा मुखडा आम्ही पुन्हा केला. आता पहिल्याच सेकंदाला दुकानाचं नाव येतं, सनई त्याच्या मागे.

दुसरी गोष्ट आमच्याच हातून राहिली होती. काही स्पॉटच्या शेवटी आम्ही केंद्राचं जुनं घोषवाक्य जोडलं होतं. बदलानंतर दोन दिवस ते तसेच वाजले. ते आता सगळे काढून टाकले आहेत. तुमच्या स्पॉटमध्ये चुकून जुनी ओळ ऐकू आली, तर ताबडतोब कळवा.

तुम्ही काय करावं? पहिलं म्हणजे घाईने जाहिरात बंद करू नका, आणि "नवीन आहे, जोरात चालेल" म्हणून दुप्पटही करू नका. रेडिओच्या श्रोत्यांची मोजणी वर्षानुवर्षं मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता या चारच शहरांपुरती होत आली. सोलापूरसाठी कुणी तुमच्यासमोर आकडा ठेवला, तर तो कुठून आणला हे जरूर विचारा. आपली मोजणी आपल्याच गल्ल्यावर होते. आठ-दहा दिवस येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठं ऐकलंत?" आणि वहीत रेघ मारा. स्पॉटमध्ये एखादा परवलीचा शब्द घालून तो सांगणाऱ्याला छोटीशी सूट दिलीत, तर मोजणी आणखी पक्की होते.

दुसरं, प्रसारणाचं प्रमाणपत्र मागितल्याशिवाय बिल देऊ नका. स्पॉट कोणत्या तारखेला किती वाजता लागला, ते त्यात मिनिटासकट असतं. घड्याळ नव्याने आखताना काही स्पॉट इकडचे तिकडे होतात, काही गळतात. हुकलेल्याच्या बदल्यात दुसरा स्पॉट मिळणं हा तुमचा हक्क आहे. ते बोलणं आमच्यावर सोडा.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी ज्यांनी आधीच वेळा राखून ठेवल्या आहेत, त्यांची यादी आम्ही काढली आहे. त्यांच्या वेळा नव्या कार्यक्रमांशी ताडून बघतोय आणि प्रत्येकाला स्वतंत्र फोन करू. वेळ बदलायची असेल तर केंद्राला तसं लेखी द्यावं लागतं, म्हणून निर्णय लवकर कळवा.

जुन्या ग्राहकांच्या चालू स्पॉटचा मुखडा आम्ही एकदा विनाशुल्क बदलून देऊ. आवाज नव्याने भरायचा असेल, तर फक्त निवेदकाचं मानधन पडेल. येताना दुकानाचा सध्याचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर नीट लिहून आणा. स्टुडिओ सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडा असतो, गुरुवारी बंद.