प्रोलॅक्टिनची गाठ आणि हाडांची झीज

१९२८ साली स्ट्रासबुर्गमध्ये स्ट्रिकर आणि ग्रूटर यांनी पिट्यूटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा अर्क सशाच्या माद्यांना टोचला आणि त्यांना दूध आलं. त्या अर्कातल्या संप्रेरकाला पुढे प्रोलॅक्टिन हे नाव मिळालं. माणसात ते वाढीच्या संप्रेरकापासून वेगळं ओळखायला मात्र १९७० उजाडलं. पिट्यूटरीतली गाठ (हीच प्रोलॅक्टिन जास्त बनवते), अंगावर दूध येणं आणि थांबलेली पाळी यांची सांगड फोर्ब्स आणि ऑलब्राइट या डॉक्टरांनी १९५४ मध्येच घातली होती. पण रक्तातलं प्रोलॅक्टिनच मोजता येत नव्हतं, तिथे हाडांचा विचार कोण करणार?

तो १९८० मध्ये झाला. बॉस्टनमध्ये क्लिबान्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रोलॅक्टिन वाढलेल्या स्त्रियांच्या हातातल्या हाडाची घनता मोजली, ती कमी भरली. मग वाद सुरू झाला: हाड झिजवतं कोण, प्रोलॅक्टिन की त्यामुळे घटलेलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक? याच गटाने १९८८ मध्ये दाखवलं की प्रोलॅक्टिन जास्त असूनही ज्यांची पाळी नियमित होती, त्यांची हाडं शाबूत होती. म्हणून आजही अशा रुग्णाला प्रोलॅक्टिनचा आकडा किती, याआधी पाळी किती महिने बंद आहे, हे विचारावं.

साखळी अशी. वाढलेलं प्रोलॅक्टिन मेंदूतल्या किसपेप्टिन (जननसंप्रेरकांची साखळी चालू करणारं रसायन) बनवणाऱ्या पेशींना दाबतं, त्यामुळे पिट्यूटरीला इशारा देणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाचे ठोके मंदावतात, अंडाशय-वृषणांना चालवणारी पिट्यूटरीची एलएच-एफएसएच ही संप्रेरकं घसरतात आणि शेवटी इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन. इस्ट्रोजेन घटलं की हाड खाणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. हाड बांधणाऱ्या पेशींवरही प्रोलॅक्टिनचे ग्राही (त्याचा संदेश पकडणारे रेणू) आहेत, पण माणसात त्यांचा थेट वाटा किती, यावर अजून एकमत नाही.

पुरुषांचं जास्त अवघड. पाळीसारखी धोक्याची घंटा त्यांना नाही. कामेच्छा घटली तर वयावर ढकलतात. म्हणून १० मिमीहून मोठी गाठ घेऊनच बरेचजण येतात, आणि तोवर मणक्याची हाडं विरळ झालेली असतात. मणका खचला तरी दरवेळी दुखतोच असं नाही. त्यामुळे डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीवर न थांबता मणक्याचा बाजूने एक्स-रे काढावा.

गाठ मोठी आणि आकडा मात्र जेमतेम वाढलेला असेल, तर नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं. प्रोलॅक्टिन अतोनात असलं की चाचणीच फसते. उलट बाजूही आहे: आपल्याकडे पित्ताच्या गोळीत सर्रास मिसळलेलं डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड गाठ नसतानाही प्रोलॅक्टिन चांगलंच चढवतं, आणि एमआरआयचा खर्च फुकट जातो. आधी गोळ्यांची पाकिटं पाहावीत, टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) करावं.

उपचार बहुधा प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या कॅबरगोलिन या गोळीने, ०.२५ मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा इथून सुरुवात. पाळी परत आली की घनता वाढू लागते, हे १९८६ मध्येच दिसलं होतं. पण ती पूर्ववत होईलच असं नाही, विशेषतः जिची पाळी हाडं भरण्याच्या वयातच, म्हणजे विशीच्या आत, थांबली होती तिची.