हवाई अंतर आणि प्रवासकाळ (नागपूर–न्यूयॉर्क)

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या सर्वांत लहान मार्गाची लांबी होय. हा मार्ग बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेल्या वर्तुळाचा कंस असतो. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून केंद्रीय कोन (पृथ्वीच्या केंद्राशी त्या दोन ठिकाणांमध्ये होणारा कोन) काढला की कोनाच्या एका मिनिटाला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, एक सागरी मैल (1.852 किमी) या प्रमाणाने अंतर मिळते. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ (सोनेगाव) आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील कोन सुमारे 113.3 अंश भरतो; म्हणजे अंतर सुमारे 6,800 सागरी मैल किंवा 12,600 किमी.

नागपूर 21 आणि न्यूयॉर्क जवळपास 41 उत्तर अक्षांशावर असले, तरी त्यांना जोडणारा कंस नागपुराहून उत्तर-वायव्येला निघतो, लाहोर-अमृतसरचा परिसर, मध्य आशिया आणि रशिया ओलांडून नॉर्वेजियन समुद्रावर 69 अंशांपर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही आत पोहोचतो आणि ग्रीनलंडवरून दक्षिणेकडे वळतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे उमगत नाही. त्यासाठी पृथ्वीगोलावर दोरा ताणूनच पाहावे.

प्रत्यक्षात विमानाला हा मार्ग क्वचितच तंतोतंत मिळतो. रशियाने 2022 मध्ये युरोपीय संघाच्या व अमेरिकेच्या, तर पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारताच्या विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, आणि अशा बंदीने वळसा वाढतो.

ताशी 900 किमी वेगाने 12,600 किमीला 14 तास लागतात. वेळापत्रकातील कालावधी मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून पुन्हा थांबेपर्यंतचा असल्याने त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण आणि उतरण यांचीही भर पडते. नागपूरकराचा खरा वेळ जातो तो थांब्यात. दोहामार्गे गेल्यास 2,840 आणि 10,770 किमीचे दोन टप्पे होतात. एकूण अंतर थेट मार्गापेक्षा जेमतेम आठ टक्क्यांनी वाढते आणि उड्डाणाचे मिळून सुमारे 18 तास होतात, पण मधला थांबा दोन तासांचा की दहा तासांचा, यावर सगळा प्रवास ठरतो. म्हणून तिकीट काढताना किलोमीटरपेक्षा थांबा आधी पाहावा.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत पहाटे 4 वाजता नागपूर सोडून त्याच तारखेला दुपारी 4 वाजता उतरणाऱ्याचा प्रवास 12 नव्हे, साडेबावीस तासांचा असतो. परतीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरील जेट वारे साथ देत असल्याने उड्डाणाचा वेळ सहसा कमी लागतो.