दाब नॉर्मल आहे, म्हणून काचबिंदू नाही?

दादर-परळच्या नेत्रतपासणी शिबिरांत आजही एक वाक्य सर्रास कानावर पडते: "डोळ्यातला दाब 21 च्या आत आहे, म्हणजे काचबिंदू नाही." हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी निदान लांबले तर गेलेली नजर परत मिळत नाही. 21 (मिलिमीटर पारा) ही निरोगी लोकांच्या मोजमापांवरून ठरवलेली मर्यादा आहे. त्याहून कमी दाब असतानाही डोळ्यामागची नस झिजू शकते, शिवाय कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ असेल तर यंत्र दाब प्रत्यक्षाहून कमी दाखवते.

दाबाचा आकडा असा अपुरा पडतो म्हणून संशोधक डोळ्याच्या पुढच्या भागातील नेत्रजलातली, म्हणजे तिथल्या पाण्यासारख्या द्रवातली, प्रथिने तपासत आहेत. टीजीएफ-बीटा-2 हे प्रथिन अनेक रुग्णांत वाढलेले आढळते; त्यामुळे हे पाणी बाहेर सोडणाऱ्या निचऱ्याच्या जाळीत तंतुमय द्रव्य साचते, जाळी ताठर होते आणि पाणी तुंबू लागते. मात्र ही तपासणी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही, कारण नमुना बहुधा मोतीबिंदूच्या किंवा काचबिंदूच्या शस्त्रक्रियेवेळीच बारीक सुईने, थेंबभर घेतला जातो. निदान अजूनही दाबाबरोबरच नसेची पाहणी, ओसीटी (प्रकाशाने नसेच्या थरांची प्रतिमा घेणारी तपासणी) आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी यांवरच होते; आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर या तपासण्या डॉक्टरांकडे आवर्जून मागाव्यात.