आयुष्मान वय वंदना कार्ड : अर्ज करण्यापूर्वी आधारवरील जन्मतारीख तपासा

वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकांना आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रोखरहित उपचार मिळू शकतात, आणि त्यासाठी जे कार्ड काढावे लागते ते वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या या तरतुदीला उत्पन्नाची अट नाही. तरीही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात ताटकळणारे वृद्ध आजही दिसतात, कारण कोणीतरी त्यांना तसे सांगून पाठवलेले असते. रेशनकार्ड पिवळे आहे, केशरी आहे की पांढरे, याचाही येथे संबंध नाही. वय आणि ओळख यांसाठी एकच कागद लागतो, तो म्हणजे आधार कार्ड, आणि अर्ज अडतो तोही बहुधा तिथेच.

वय मोजले जाते ते केवळ आधारवरील नोंदीनुसार. गावोगावच्या शिबिरांत आधार काढले गेले, तेव्हा जन्मदाखला नसलेल्यांनी वय अंदाजाने सांगितले, आणि अनेकांच्या कार्डावर १ जानेवारी ही तारीख किंवा नुसते वर्षच छापून आले. प्रत्यक्षात ७२ वर्षांच्या आजींचे वय आधारवर ६७ असेल, तर मतदार ओळखपत्र दाखवूनही उपयोग होत नाही. आधी आधारच दुरुस्त करावे लागते. त्यासाठी जन्मदाखला, पासपोर्ट किंवा मान्यताप्राप्त मंडळाचे प्रमाणपत्र असा पुरावा मागितला जातो. घरातच जन्मलेल्या आणि शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीने हा पुरावा आणायचा कोठून, याचा विचार नियम करणाऱ्यांनी पुरेसा केलेला दिसत नाही. अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूंच्या नोंदवहीची (गाव नमुना १४) नक्कल मागावी. नोंद मोडी लिपीत असल्यास ती वाचणारा जाणकार शोधावा लागतो. नोंद सापडली तर जन्मदाखल्याच्या मागणीला बळ मिळते. ती न सापडल्यास विलंबित जन्मनोंदणीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यात बराच काळ जातो. आधारमधील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून पक्का पुरावा हाती येईपर्यंत घाईने अंदाजाची तारीख देऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे.

दुसरी अडचण मोबाइल क्रमांकाची. आधारला जोडलेला क्रमांक मुलाचा जुना, बंद पडलेला असतो आणि ओटीपी कोणाकडेच येत नाही. नवा क्रमांक जोडण्यासाठी वेगळे कागदपत्र लागत नाही. आधार केंद्रात किंवा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सेवा देणाऱ्या पोस्टमनमार्फत हे काम होते. आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा पुनःपुन्हा दाबूनही तो उमटत नाही आणि केंद्रचालक ‘अंगठा लागत नाही, परत या’ म्हणून मोकळा होतो. परत जाऊ नये. बुबुळ किंवा चेहरा यांवरूनही पडताळणी करण्याची सोय आहे, ती आग्रहाने मागावी.

अर्ज आयुष्मान ॲपवर, लाभार्थी पोर्टलवर किंवा योजनेशी संलग्न रुग्णालयात करता येतो. कुटुंबाचे जुने आयुष्मान कार्ड असले, तरी वय वंदना कार्डासाठी नव्याने अर्ज आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करावी लागते. अशा कुटुंबातील ७० वर्षांवरील सदस्यांना ५ लाखांचे वेगळे संरक्षण मिळते, त्यात घरातील तरुणांचा वाटा नसतो. मात्र पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ५ लाख दोघांत मिळून असतात. पती ७२ आणि पत्नी ६६ वर्षांची असल्यास पतीच्या कार्डावर पत्नीचे उपचार होत नाहीत. तिच्यासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील पात्रता स्वतंत्रपणे पाहावी. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) यांच्या लाभार्थ्यांना आपली योजना आणि वय वंदना या दोहोंपैकी एकच निवडावी लागते, आणि ती निवड घाईने करू नये, कारण त्या योजनांत बाह्यरुग्ण सेवा आणि औषधेही मिळतात. खासगी विमा किंवा ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) असणाऱ्यांना काही सोडावे लागत नाही.

अर्जाला शेवटची तारीख नाही. ‘उद्यापर्यंतच मुदत’ असे निरोप फिरतात, त्यांवर विश्वास ठेवून कोणालाही पैसे देऊ नयेत. पण मुदत नाही म्हणून आजारपणापर्यंत थांबणेही घातक आहे. दाखल होताना कार्ड काढता येते, चुकलेली जन्मतारीख मात्र रातोरात दुरुस्त होत नाही.

रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासणी यात येत नाही. दाखल होऊन घ्यावयाचे उपचार, त्याआधीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च येतो, आणि आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ नाही. रुग्णालय योजनेत असले, तरी हव्या त्या विशेषोपचारासाठी ते संलग्न आहे का, हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात योजनेच्या मदतीसाठी नेमलेल्या व्यक्तीकडून, आधीच विचारून घ्यावे. संलग्न नसलेल्या रुग्णालयाचे बिल नंतर परत मिळत नाही. संलग्न रुग्णालयाने मंजूर उपचारासाठी अनामत रक्कम मागितल्यास भरण्यापूर्वी तेथूनच योजनेच्या १४५५५ या मदत क्रमांकावर तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.