नागपूरची आरोग्यव्यवस्था : रचना आणि पैशाची वाट

नागपुरात घरात कोणी अचानक आजारी पडले की शेजारी सांगतात, 'मेडिकलला न्या', 'मेयोत दाखवा', बाळंतपण असेल तर 'डागाला घेऊन जा'. बोलणाऱ्याच्या मनात तिन्ही नावांचा अर्थ एकच, सरकारी दवाखाना. प्रत्यक्षात या दारांमागे वेगवेगळी खाती आहेत, आणि कोणत्या दाराने आत शिरलो यावर खिशातून किती जाणार हे बरेचसे ठरते. उपचार कोण करतो, खर्च कोण उचलतो आणि दर व नियम कोण ठरवतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून कुठल्याही प्रदेशाची आरोग्यव्यवस्था उभी राहते.

जगात याची काही ठळक उत्तरे आहेत. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांच्या आजारपणासाठी सक्तीचा विमा आणला. मालक व कामगार दोघेही वर्गणी भरतात. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे. कॅनडात डॉक्टर बहुतांशी खासगी, पण बिल सरकारी विमा भरतो. चौथी पद्धत सर्वात जुनी : ज्याचा आजार, त्याचा खिसा. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, असे आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते. तरी भारताने यांपैकी एकच वाट धरली नाही. नागपुरात या चारही पद्धती काही किलोमीटरच्या आत सापडतात.

करातून चालणारी बाजू आधी पाहू. 'मेडिकल' म्हणजे १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय. 'मेयो' रुग्णालयाला जोडलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६८ चे. ते सुरुवातीला महापालिकेचे होते. ही दोन्ही राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत. डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय मात्र सार्वजनिक आरोग्य खात्याचे. हा फरक कागदावरचा वाटतो, पण १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले, तेव्हा वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. दोन्ही इमारती सरकारच्या, दोन्हीकडे येणारा माणूस तोच. एकीकडे केसपेपर फुकट आणि दुसरीकडे शुल्काची खिडकी. ही विसंगती काढून टाकायलाच हवी. याखेरीज महापालिकेचे दवाखाने, नागरी आरोग्य केंद्रे व आशा कार्यकर्त्या आहेत, आणि मिहानमध्ये केंद्र सरकारच्या पैशावर चालणारे एम्स.

ग्रामीण भागात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशी चढती पायरी ठरलेली आहे. मैदानी भागात साधारण ३०,००० लोकसंख्येला आणि आदिवासी भागात २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. खालच्या पायरीवर डॉक्टर किंवा औषध नसले की रुग्ण पायऱ्या गाळून थेट नागपूर गाठतो. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरचे लोक मेडिकलच्या आवारात चटई अंथरून का दिसतात, याचे एक मोठे कारण हेच.

सरकारी रुग्णालयाला अंदाजपत्रकातून ठरावीक रक्कम मिळते. रुग्ण वाढले म्हणून ती आपोआप वाढत नाही. ताण पडला की तो औषधांच्या खिडकीवर आधी दिसतो. परिचारिका एक छोटी चिठ्ठी हातात देते, 'हे बाहेरून आणा'. नातेवाईक ती मुठीत धरून समोरच्या मेडिकल स्टोअर्सपर्यंत जातो, अर्धीच इंजेक्शने आणतो, उरलेली उद्या. फुकट उपचाराचा हिशेब करताना ही चिठ्ठी कुणी धरत नाही, आणि गरीब घरावर कर्ज चढते ते अशाच चिठ्ठ्यांनी.

बिस्मार्कच्या पद्धतीचे नागपुरी रूप म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. १९४८ च्या कायद्याने आलेल्या या योजनेचे रुग्णालय सोमवारीपेठेत आहे. पगाराच्या ३.२५ टक्के मालक आणि ०.७५ टक्के कामगार भरतो. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. आधार पक्का, पण नोकरीला बांधलेला. नागपूरची १८७७ ची कापड गिरणी, एम्प्रेस मिल, बंद पडली तेव्हा गिरणी कामगारांच्या घरांना पगाराबरोबर या छत्राचीही चिंता लागली. असंघटित कामगार, रिक्षाचालक, भाजीवाली हे तर या वर्तुळाबाहेरच राहतात.

त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे : दवाखाना कोणाचाही, बिल सरकारचे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पसरली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचे संरक्षण होते. पुढे ते ५ लाखांवर गेले आणि पिवळ्या-केशरीसोबत पांढरे रेशनकार्डही चालू लागले. प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आधीच बांधलेला असतो. रुग्णालय कागद पाठवते, मंजुरी आली की उपचार. दारातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर रेशनकार्ड व आधार दाखवायचे असते. हे टेबल भरती करण्याआधी गाठा, डिपॉझिट भरून झाल्यावर नव्हे. एवढे ठाऊक नसल्याने खासगी दवाखान्यांच्या धंतोली-रामदासपेठेत दागिने मोडलेली घरे मी पाहिली आहेत.

ही योजना मुख्यतः भरती झाल्यावर चालते. मधुमेहाची, रक्तदाबाची महिन्याची गोळी तिच्यात बसत नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला; तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजारी घरच मोजते.

दानधर्माची परंपरा इथे जुनी आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृ सेवा संघ सुरू केला, तेव्हा सरकारी विम्याच्या योजना इथे यायच्याच होत्या. आज धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. खाट रिकामी असूनही 'नाही' सांगितले, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

नागपूरला येणारे कितीतरी रुग्ण मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे असतात. महाराष्ट्राचे रेशनकार्ड त्यांच्याकडे नसते. आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असेल तर ते या योजनेत असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयातही चालते, म्हणून घरून निघताना ते पिशवीत घातले का, हे गावातल्या आशाताईने एकदा विचारून घ्यावे.