घरगुती इंकजेट फोटोछपाई

घरच्या इंकजेट प्रिंटरवर, खास लेप दिलेल्या कागदावर छायाचित्रे छापण्याची पद्धत. लॅबमधला फोटो प्रकाशसंवेदी कागदावर रसायनांच्या क्रियेने उमटतो. इंकजेटमध्ये तो शाईच्या थेंबांनी रचला जातो. फोटोसाठी बनवलेल्या प्रिंटरमध्ये हे थेंब दीड-दोन पिकोलिटरइतके (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग) बारीक असतात. सुरुवातीला बिघडणाऱ्या प्रिंटांचे खापर नेहमी प्रिंटरवर फुटते. दोष बहुधा दुसरीकडेच असतो: शाई, कागद आणि ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) निवडलेला कागदाचा प्रकार या तिघांचे आपसात जमलेले नसते. मुंबईत यात चौथा भिडू येतो, तो म्हणजे हवेतला दमटपणा.

थेंब कसा उडतो

कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरांत नोझलमागची (शाई बाहेर पडणाऱ्या छिद्रामागची) सूक्ष्म पट्टी क्षणार्धात तापते, शाईत वाफेचा बुडबुडा धरतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. एप्सनमध्ये उष्णता नसते. पीझो स्फटिकाला वीज मिळाली की तो वाकतो आणि शाईला ढकलतो. एचपीचा थिंकजेट १९८४ साली आला. एप्सनचा ७२० डीपीआयचा (इंचात ७२० ठिपके छापणारा) स्टायलस कलर १९९४ साली आला आणि घरच्या टेबलावर फोटो म्हणण्याजोगा प्रिंट निघू लागला.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. तापणाऱ्या हेडला (नोझल असलेल्या भागाला) शाई हीच थंडावा देते, म्हणून टाकी कोरडी पडल्यावरही छापत राहिले तर हेड जळते. पीझो हेड दीर्घकाळ टिकते, पण ते प्रिंटरमध्ये पक्के बसवलेले असते. चोक झाले तर दुरुस्तीचा आकडा ऐकून लोक नवा प्रिंटर घेतात. कार्ट्रिजवरच हेड असलेल्या स्वस्त प्रिंटरांत ही भानगड नाही. कार्ट्रिज बदलली की हेडही नवे. छपाई मात्र महाग पडते.

प्रिंटरची निवड

महिन्याला पाच-दहा फोटो काढणाऱ्याने फोटोप्रिंटर घेऊ नये. नाक्यावरच्या स्टुडिओत ते काम स्वस्तात होते आणि पडून राहिलेल्या प्रिंटरची शाई सुकण्याची कटकटही टळते. आठवड्याला निदान काही प्रिंट निघणार असतील तर टाकीचा प्रिंटर, म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीतून शाई भरायच्या टाक्या असलेला, परवडतो.

चार रंगांचा टाकीप्रिंटर कार्यालयीन कामाला उत्तम, फोटोला कामचलाऊ. त्यातल्या अनेकांत काळी शाई पिगमेंटची (रंगाचे घन कण असलेली) आणि बाकीच्या तीन डायच्या (विरघळलेल्या रंगाच्या) असतात. पिगमेंट काळी चकचकीत कागदात मुरत नाही, म्हणून फोटो छापताना प्रिंटर ती बाजूला ठेवतो आणि निळसर, किरमिजी व पिवळ्यातून काळा तयार करतो. तो खरा काळा नसतो. केस आणि सावल्या तपकिरी किंवा हिरवट दिसतात. सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये फिका निळसर आणि फिका किरमिजी या दोन शाया जास्त असतात (उदाहरणार्थ एप्सनचा एल८०५ किंवा एल८०५०). त्यामुळे गालांवर, आकाशात आणि पांढऱ्या कपड्यांच्या घड्यांत ठिपके दिसत नाहीत. कॅननच्या जी५७० आणि जी६७० मध्ये जादा शाया लाल आणि राखाडी आहेत. कृष्णधवल फोटोत रंगाची झाक न येण्यासाठी राखाडी शाईचा मोठा उपयोग होतो.

डाय शाई पाण्यात विरघळलेला रंग असते: चमकदार, पण उन्हाने व हवेतल्या ओझोनने लवकर विटणारी. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात; ती जास्त टिकते, पण असे फोटोप्रिंटर महाग असतात. दोन्ही प्रकार एका टाकीत कधीही मिसळू नयेत, गाळ धरून हेड तुंबते. ‘कंपॅटिबल’ (दुसऱ्या कंपनीची) शाई सरसकट वाईट नसते, मात्र तिचे रंग कंपनीच्या प्रोफाइलशी (रंग कागदावर कसे उमटतात याच्या नोंदीशी) जुळत नाहीत. शिकत असताना मूळ शाईच वापरावी, म्हणजे चूक शोधताना एक संशयित कमी होतो.

कागद

मुंबईत प्रिंटर, शाई आणि सुटे भाग यांसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कॅमेऱ्याच्या व फोटोच्या सामानासाठी सीएसएमटीजवळची बोराबाजार स्ट्रीट. आणि साध्या कागद-स्टेशनरीसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. दुकानदार ‘एकशेऐंशी द्यायचा की दोनशेसत्तर?’ असे विचारतो, ते जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅम) असते. जीएसएम हे वजन आहे, दर्जा नव्हे. खरा प्रश्न लेपाचा. १३० ते २३० जीएसएमचा स्वस्त ग्लॉसी कागद बहुधा कास्ट-कोटेड असतो: आत साधा कागद, वर चकाकीचा थर, शाई जास्त झाली की लाटा येतात. २६०-२७० जीएसएमच्या आरसी (रेझिन-कोटेड) कागदात गाभ्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि हाताला तो लॅबच्या फोटोसारखा लागतो. भेट द्यायच्या किंवा फ्रेममध्ये घालायच्या फोटोला आरसीच घ्यावा, अल्बमसाठी मॅट (चकाकी नसलेला) किंवा लस्टर (मंद चकाकीचा) बरा, कारण त्यावर बोटांचे ठसे दिसत नाहीत.

लेझरचा ग्लॉसी कागद इंकजेटमध्ये घातला तर शाई वर तरंगते आणि बोटाला लागते. उलट, इंकजेटचा आरसी कागद लेझर प्रिंटरमध्ये घालणे हा महागडा प्रयोग आहे: त्यातले प्लास्टिक फ्यूजरच्या (पूड कागदावर वितळवणाऱ्या भागाच्या) उष्णतेने वितळून रोलरला चिकटते.

लेपाची बाजू ओळखता येत नसेल तर बोट किंचित ओले करून कोपऱ्याला लावावे. चिकट लागते ती छापायची बाजू. मागच्या ट्रेमध्ये ती आपल्याकडे ठेवायची, पुढच्या कॅसेटमध्ये बहुतेक प्रिंटरांत खाली.

पहिला प्रिंट

आधी फाइल पाहावी. ४ × ६ इंचाला ३०० पिक्सेल प्रतिइंच या हिशेबाने १२०० × १८०० पिक्सेल लागतात, ए४ ला २४८० × ३५०८. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसून येतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला तर मूळ फाइल मिळते. मोबाइलचा फोटो ४:३ प्रमाणात असतो आणि ४ × ६ चा कागद ३:२. म्हणजे सहा इंच रुंदीत बसवल्यावर उंची साडेचार इंच होते आणि अर्धा इंच कापावाच लागतो. तो कुठून कापायचा हे आपण ठरवले नाही तर प्रिंटर वरून-खालून सारखा कापतो, आणि गटफोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात.

यानंतरचा क्रम असा. नोझल चेक काढावा. त्यात प्रत्येक रंगाच्या रेघांचे चाचणीपान छापले जाते; एकही रेघ तुटलेली असेल तर पुढे जाऊ नये. कागदाचे चार-पाच ताव हलके फडफडवून ट्रेमध्ये ठेवावेत, कडेची पट्टी कागदाला टेकेल एवढीच सरकवावी. ड्रायव्हरमध्ये तीन गोष्टी निवडाव्यात: आकार, कागदाचा प्रकार, दर्जा. कागदाचा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, कारण किती शाई ओतायची आणि कोणते रंगप्रोफाइल लावायचे हे प्रिंटर त्यावरून ठरवतो. ग्लॉसी कागद घालून ‘प्लेन पेपर’ तसेच ठेवले तर फोटो फिका, दाणेदार आणि रेघांचा येतो. नवशिक्यांच्या तक्रारींत हीच चूक पहिली. दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर पाकिटावर सुचवलेला प्रकार निवडावा, तो नसेल तर ‘प्रीमियम ग्लॉसी’ आणि ‘फोटो ग्लॉसी’ असे दोन्ही लावून एकेक छोटा प्रिंट काढून पाहावा. शेवटी ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडिरेक्शनल’ची खूण काढावी. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण हेड एकाच दिशेने छापत असल्यामुळे कडा स्वच्छ येतात.

रंगांची जबाबदारी एकाकडेच द्यावी. फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममधून आयसीसी प्रोफाइल लावले असेल तर ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद हवी, नाहीतर दुरुस्ती दोनदा होते आणि चेहरे लालभडक किंवा किरमिजी येतात. सुरुवातीला फाइल एसआरजीबीमध्ये (पडद्यांच्या नेहमीच्या रंगप्रणालीत) ठेवून सगळे ड्रायव्हरवर सोपवावे.

प्रिंट काळपट आला तर प्रिंटरला दोष देण्याआधी पडद्याकडे पाहावे. मोबाइल आणि लॅपटॉपची उजळी बहुधा चढवलेली असते. पडद्यातून प्रकाश बाहेर येतो, कागद मात्र खोलीतल्या उजेडावरच दिसतो. फोटो तपासताना उजळी निम्म्यावर आणावी आणि प्रिंट दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहावा, पिवळ्या दिव्याखाली नव्हे.

पासपोर्ट आकाराचे फोटो

पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदाराचा फोटो तिथेच काढतात, पण शाळा, क्लास आणि सोसायटीच्या फॉर्मांना ३५ × ४५ मिलिमीटरचे फोटो लागतच असतात. ४ × ६ च्या तावावर (१०२ × १५२ मिमी) असे आठ बसतात: आडवे चार, उभे दोन, मध्ये दोन-दोन मिलिमीटर जागा. ३५ च्या चौकडीला तीन फटी धरून १४६ मिमी होतात, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन मिमी समास उरतो. हा ताव ‘बॉर्डरलेस’ छापू नये. त्या पद्धतीत कडा कोऱ्या राहू नयेत म्हणून प्रिंटर चित्र थोडे मोठे करतो, मग ३५ चे माप चुकते. समासासह, ‘१०० टक्के’ मापाने छापून पट्टी लावून एकदा मोजावे. कापायला कात्रीपेक्षा स्टीलची पट्टी आणि कटर बरा.

बॉर्डरलेसचा आणखी एक जाच आहे. कडेबाहेर पडलेली शाई आतल्या स्पंजवर साठते आणि पुढच्या तावाच्या पाठीला डाग पाडते. शक्य तिथे पांढरा समास ठेवावा, दिसतोही तो छान.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. नोझल सुकण्याची भीती तेव्हा कमी, कागदाचे हाल जास्त. उघड्या पाकिटातला कागद एका रात्रीत कमानीसारखा वळतो. वळलेली कड छपाईत हेडला घासते आणि कडेला काळे फराटे येतात. कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह सपाट ठेवावा, लागतील तेवढेच ताव काढावेत आणि उरलेले लगेच परत ठेवावेत. वळलेला ताव उलट दिशेला हलकेच वाकवून सरळ करता येतो, पण लेपाला चीर पडेल इतका नाही.

आरसी कागद स्पर्शाला लगेच कोरडा लागतो, तरी आतला द्रव उडून जायला एक दिवस लागतो, पावसाळ्यात दोन. त्याआधी फोटो काचेखाली बंद केला तर काचेच्या आतल्या बाजूला धुरकट पडदा धरतो. फोटो काचेला टेकताही कामा नये. दमट हवेत तो चिकटतो आणि सोडवताना लेप निघून येतो. मध्ये माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याची) चौकट घालावी. दिवंगतांच्या फोटोला हार घातला जातो आणि ओल्या फुलांचे पाणी फ्रेमच्या खालच्या कडेतून आत शिरते. डाय शाईचा प्रिंट तिथून पसरतो. अशा फ्रेमची खालची कड टेपने बंद करावी.

असे फोटो अनेकदा जुन्या, एवढ्याशा प्रतीवरून मोठे करायचे असतात. ३५ × ४५ मिमीची प्रत १२०० डीपीआयला स्कॅन केली तर सुमारे १६५० × २१२५ पिक्सेल मिळतात. ८ × १० इंचाला ते साधारण २०० पिक्सेल प्रतिइंच पडतात आणि भिंतीवरच्या फोटोला तेवढे पुरतात.

बिघाड

आडव्या पांढऱ्या रेघा म्हणजे एखादे नोझल बंद. हेड क्लीनिंग एकदा करावे, पुन्हा नोझल चेक पाहावा. तीनदा करूनही रेघ तुटलेलीच राहिली तर प्रिंटर बंद करून बारा तास सोडावा. बुडबुडे बसतात, सुकलेली शाई मऊ होते आणि पुष्कळदा सकाळी रेघ आपोआप जुळते. एकामागून एक दहा वेळा क्लीनिंग करणे म्हणजे शाई वेस्ट इंक पॅडमध्ये (वाया जाणारी शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये) ओतणे. पॅड भरला की प्रिंटर काम थांबवतो. सगळा फोटो हिरवट असेल तर किरमिजी शाई येत नाही, लालसर असेल तर निळसर शाई येत नाही किंवा वर सांगितलेली दुहेरी दुरुस्ती झाली आहे. रेघा दुहेरी दिसत असतील तर हेड अलाइनमेंट करावे.

आपल्याकडची एक सवय प्रिंटरला भोवते: रात्री भिंतीवरच्या बोर्डाचे बटण सरळ बंद करणे. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसते. मध्येच वीज तोडली तर ते उघडेच राहते आणि एसीच्या कोरड्या खोलीत आठवडाभरात चोक होते. आधी प्रिंटरचे बटण, दिवा विझेपर्यंत थांबणे, मग बोर्ड. वापर नसला तरी आठवड्याला एक रंगीत छोटा प्रिंट काढावा. स्वयंपाकघराला लागून प्रिंटर ठेवू नये. फोडणीचा तेलकट धूर एन्कोडरच्या पारदर्शक पट्टीवर बसला की हेडला आपली जागा कळेनाशी होते आणि ते कडेला आपटते.

अकरा महिन्यांचा करार संपून घर बदलताना टाकीचा प्रिंटर आडवा किंवा उलटा नेऊ नये. टाक्यांची झाकणे घट्ट करावीत, वाहतुकीची कळ असेल तर ती बंद करावी, हेड जागेवर असल्याची खात्री करून प्रिंटर प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि टेम्पोत न टाकता सपाट मांडीवर न्यावा. नव्या जागी तो तासभर स्थिर ठेवून मगच नोझल चेक काढावा.